चिकट्याला केकात जायचं होतं

मित्रांनो, जामच्या रिकाम्या बाटलीत राहणारं मी एक म्हातारं लेसिथिन आहे. नाव ऐकून बिचकू नका. तुम्ही मला पाहिलं नसेल, पण खाल्लं नक्की आहे. चॉकलेटच्या नाहीतर बिस्किटाच्या वेष्टनावर मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक यादी असते. तिच्यात शेवटून दुसरा-तिसरा मी असतो. लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत अर्धाच चेहरा दिसणारा एखादा लांबचा मामा असतो ना, तसा.

दिसायला मी काळपट मधासारखा. चव सांगण्यासारखी नाही. आणि चिकट इतका, की बेकरीत सगळे मला 'चिकट्या'च म्हणत. मलाही तेच नाव आवडतं.

माझा जन्म सोयाबीनच्या दाण्यात झाला. दाण्यांतून तेल काढलं, त्या तेलात थोडं गरम पाणी घालून ढवळलं, तेव्हा मी तेलातून सुटून तळाशी बसलो. तिथले लोक मला 'गाळ' म्हणायचे. तेल लखलखीत पिंपांत जाऊन बसलं आणि मी खाली, काळा नि चिकट. फार वाईट वाटलं होतं तेव्हा. पण मला वाळवून डब्यात भरताना एक म्हातारा कामगार दुसऱ्याला म्हणाला, "ह्याला गाळ म्हणू नकोस बाबा. हा नसेल तर तेल-पाण्याची सोयरीक कोण जमवणार?"

तेल आणि पाणी यांचं जन्माचं वाकडं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कितीही ढवळा, पाठ फिरवली की दोघं दोन दिशांना. माझा मात्र एक हात तेलाच्या हातात असतो आणि दुसरा पाण्याच्या. मी मध्ये उभा राहिलो की दोघं गुण्यागोविंदाने नांदतात. म्हणून पीठ छान मळलं जातं, केक मऊ होतो, चॉकलेट नीट वाहतं. अंड्याच्या पिवळ्या बलकातही माझ्याच जातीचं लेसिथिन असतं. पण मी सोयाबीनचा. माझ्यात अंडं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझ्या आयुष्याचं सगळं सुखदुःख तिच्याभोवती फिरतं.

डब्यात बसून मी एका बेकरीत आलो. तिथे दोन मोठी टेबलं होती. एक भट्टीजवळ, बिस्किटांचं. दुसरं खिडकीजवळ, केकचं. मी बिस्किटांच्या टेबलावर नेमला गेलो. तिथले मिस्त्री, म्हणजे मुख्य कारागीर, होते बिस्किटवाले काका. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया आणि शिस्त अशी की वजनकाट्यालाही घाम फुटावा. त्यांच्या बिस्किटांत अंडं नसायचं. पुड्यावर तसं ठळक छापलेलं असे आणि त्या भरवशावर लोक बिस्किटं नेत. म्हणून दोन टेबलांच्या मधोमध काकांनी जमिनीवर खडूची रेघ ओढली होती. रोज सकाळी ती नव्याने ओढत. अंड्याचं भांडं रेघेच्या अलीकडे आलं की काका भट्टीपेक्षा जास्त तापायचे.

मला डब्यातून काढणं सोपं नाही. कोरडा चमचा घातला की मी चमच्याला जो मिठी मारतो, तो सोडतच नाही. म्हणून काका चमचा आधी तेलात बुडवायचे. "चमच्याला तेल दाखवा, मग चिकट्याला हात लावा," असं नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी सांगत.

केकच्या टेबलाची तऱ्हा वेगळी. तिथे आत्याचं राज्य होतं. सगळी बेकरी तिला आत्याच म्हणायची, कारण तिच्या भाचीच्या गोष्टी सगळ्यांना तोंडपाठ होत्या. तिच्या डाव्या हाताशी फेटलेल्या अंड्यांचं पातेलं कायम असे. ती चमचा आधी त्या अंड्यात बुडवायची आणि मग आपल्या डब्यातल्या लेसिथिनमध्ये. अंड्याने माखलेल्या चमच्यावरून आम्ही चटकन निसटतो. तीस वर्षं ती हेच करत आली होती. तिचा हात डोळे मिटूनही डावीकडे जाई.

"काका, तेलाचा थेंब माझ्या केकात कशाला?" ती म्हणे.

"आणि अंड्याचा थेंब माझ्या बिस्किटात कशाला?" काका म्हणत. "तू तिकडे सुखी, मी इकडे सुखी. रेघ ओलांडू नकोस."

मी काम इमानाने केलं. माझं कौतुकही झालं. एकदा काकांनी कुठल्याशा वर्तमानपत्रात वाचलं, की लेसिथिन खाल्लं की स्मरणशक्ती वाढते. झालं! रोज सकाळी गरम दुधातून माझा एक चमचा सुरू. पण चमचा घेतला की नाही, हेच त्यांना आठवेना, मग दुसरा चमचा. चार दिवसांनी त्यांचं पोट असं बिघडलं, की ते मात्र त्यांच्या आजतागायत लक्षात आहे. औषधांच्या दुकानात मला गोळ्यांत आणि दाण्यांच्या रूपात विकतात म्हणे. मी स्वतःबद्दल फुशारकी मारणार नाही. कुणाला घ्यायचंच असेल तर त्याने डॉक्टरांना विचारून घ्यावं, वर्तमानपत्राला विचारून नव्हे.

तर काम होतं, मान होता, तरी मन कुठे रमतंय? माझं सारं लक्ष रेघेच्या पलीकडे. बिस्किटं शेकड्यांनी होत, पण ती कुणाची, हे कुणालाच माहीत नसे. केकचं तसं नव्हतं. प्रत्येक केक कुणाचा तरी असायचा. आत्या कागदाच्या कोनातून क्रीम सोडत त्यावर नाव लिहायची. मग दारात एखादं मूल टाचा उंचावून उभं राही आणि खोक्याच्या फटीतून आपलं नाव शोधी. ते नाव सापडल्यावर त्याचा चेहरा जो उजळे, तो मी डब्याच्या काठावरून पाही. वाटे, एकदा, फक्त एकदा, कुणाच्या तरी केकात जायला मिळावं. कुणाच्या तरी वाढदिवसाचा मऊपणा आपण व्हावं.

आत्याच्या भाचीला घरात 'भिंगरी' म्हणत. एका जागी बसली तर शपथ. ती चार वर्षांची असताना शेजारच्या वाढदिवसाला तिने केकचा नखाएवढा तुकडा खाल्ला. थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजू लागली. तिला अंड्याची ॲलर्जी होती. डॉक्टरांनी तिला वाचवलं आणि तिच्या आईला सांगितलं, "अंड्याचा अंशसुद्धा पोटात जाता कामा नये. चमचाही वेगळा ठेवा."

तेव्हापासून भिंगरी वाढदिवसाला आपला डबा घेऊन जाऊ लागली. आत्या दुपारी चहा पिता पिता काकांना सांगायची, "सगळी पोरं केक खातात ना काका, तेव्हा ही फुगे मोजत उभी राहते. मी विचारलं, का गं मोजतेस? तर म्हणाली, तेवढ्यात त्यांचं खाऊन होतं."

 काका बशीतला कप तसाच फिरवत बसले.

भिंगरीचा सातवा वाढदिवस आला. या खेपेला तिने आईला सांगितलं होतं, "मला भेटवस्तू नको. मी कापीन तोच केक मला खायचाय." आईने घरी बिनअंड्याचा केक दोनदा करून पाहिला. पहिला विटेसारखा झाला. दुसरा सुरी लागताच भुगा होऊन पडला. भिंगरीने तो भुगा चमच्याने खाल्ला आणि "छान आहे," म्हणाली, पण कापायला काही उरलंच नव्हतं. तेव्हा आत्या म्हणाली, "मी आणते लेसिथिन. सोयाबीनचं. अंड्याचं काम ते करील."

वाढदिवसाच्या आदल्या सकाळी आत्या रेघेपाशी येऊन उभी राहिली.

"काका, तुमच्या चिकट्यातला थोडा द्या."

"का? तुझा संपला?"

"माझ्याला अंडं लागलेलं आहे. भिंगरीच्या केकला हवाय."

काकांनी हातातलं काम ठेवलं. माझा डबा फडक्याने पुसला आणि स्वतः रेघेपलीकडे नेऊन दिला. "ह्याला अंड्याचा वाराही लागलेला नाही," ते म्हणाले. "घेऊन जा. सावकाश काढ."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं, ते कसं सांगू! मी केकात जाणार होतो. आणि कुणाच्या? जिने आजवर नुसते फुगे मोजले, तिच्या!

आत्याने काळजी घेण्यात काही कसूर केली नाही. मी आता राहतो ती ही जामची बाटली तिने पाण्यात उकळून, उन्हात पालथी घालून वाळवली होती. चमचा कढत पाण्याने धुतला, कोऱ्या रुमालाने पुसला. मग तो हातात धरून ती माझ्याकडे वळली. इतक्यात दुकानातून कुणीतरी ओरडलं, "आत्या, दोन मजली केक किती वाजता होणार?"

"चारला!" तिने मान वळवून उत्तर दिलं. आणि मान तिकडे असताना तिचा हात डावीकडे गेला, चमचा अंड्याच्या पातेल्यात बुडाला आणि तसाच माझ्यात आला.

डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हे झालं. आत्याला कळलंसुद्धा नाही. हाताने आपलं तीस वर्षांचं काम केलं होतं. मला मात्र कळलं. चमच्यावर पिवळट, पातळ पापुद्रा होता. तो माझ्यात मिसळून गेला. मिसळणं हेच तर माझं काम! माझ्या अंगात धरून ठेवण्याचा गुण आहे, सोडून देण्याचा नाही.

आत्याने चमचे भरून मला बाटलीत ओतलं, झाकण घट्ट लावलं. उरलेला डबा तिने रेघेपलीकडे द्यायच्या आत काकांना नवा डबा उघडावा लागला होता, म्हणून जुना तिच्याच टेबलावर राहिला, एवढंच एक बरं झालं. पिशवीत बसून घरी जाताना मी आयुष्यात पहिल्यांदा उलटं मागणं मागत होतो. मला केकात घालू नका. कुणीतरी मला सांडा, फोडा, विसरा. ज्याच्यासाठी जन्मभर झुरलो, तेच टळावं म्हणून मी धावा करत होतो, आणि मला तोंड नव्हतं.

भिंगरीचं घर तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर लहान, पण प्रत्येक डब्यावर आत काय आहे ते लिहिलेली पट्टी. तिच्या आईने बाटली हातात घेतली, उजेडात धरली, झाकण उघडून वास घेतला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस कसेतरी बांधलेले. तीन वर्षांत ती एकाही वाढदिवसाला खुर्चीवर टेकली नव्हती, लेकीच्या मागे उभी राहायची.

"ताई, हे नक्की सोयाबीनचंच ना?"

"डब्यावर छापलंय. हा बघ फोटो काढून आणलाय."

तिने फोटो मोठा करून अक्षर न् अक्षर वाचलं. "बाटली?"

"उकळली."

"चमचा?"

"कढत पाण्याने धुतला. कोऱ्या रुमालाने पुसला. आता रुमाल कुठल्या दुकानातला ते विचार!"

"तसं नाही हो ताई..."

"अगं, तीस वर्षं हेच करतेय मी. कोर्टात उभं केल्यासारखं काय करतेस?" आत्या हसली आणि दारात गिरक्या घेणाऱ्या भिंगरीला म्हणाली, "तुझी आई ना, सकाळी सूर्य उगवला की त्यालासुद्धा विचारील, हात धुतलेस का रे?"

भिंगरी खिदळली. आईही हसली, पण तिचे डोळे बाटलीवरच होते. मी तिच्याकडे पाहत होतो. विचार, अजून विचार, थांबू नकोस! पण तिला वाटलं असावं, आता जास्त ताणलं तर नणंदेला राग येईल. तिने मैदा चाळला, साखर मोजली, तेल नि दूध वेगवेगळ्या वाट्यांत काढलं. छोटी विजेची भट्टी तापत ठेवली. आता फक्त मी उरलो होतो.

तिने चमचा बाटलीत घातला. मी त्याला घट्ट धरून बसलो. ती उचलते, मी सुटत नाही. तिने चमचा वाटीवर आपटला, मी हललो नाही. मित्रांनो, हा माझा स्वभावच, पण त्या दिवशी मी जरा जास्तच जोर लावला असेन.

"हे तर निघतच नाही. ताई, तुम्ही बेकरीत कसं काढता? जरा करून दाखवा ना."

"दे इकडे. हातचा मळ आहे माझ्या," असं म्हणत आत्याने दुसरा, धुतलेला चमचा घेतला. आणि तिचा हात डावीकडे गेला. ओट्याच्या डाव्या बाजूला काहीच नव्हतं. हात हवेतच थांबला, थोडा पुढे सरकला, खाली वाकला.

"काय शोधताय?"

"काही नाही गं. सवय. चमचा आधी अंड्यात बु..."

 आत्या आपल्याच हाताकडे पाहत राहिली. जणू तो हात तिचा नव्हता. 

"ताई," भिंगरीच्या आईने अगदी हळू विचारलं, "ही बाटली भरताना?"

तेव्हा आत्या 'नाही' म्हणू शकली असती. कुणी पाहिलं नव्हतं. तीस वर्षांची तिची इभ्रत होती आणि नुकतीच तिने भावजयीची चेष्टा केली होती. ती खुर्चीवर बसली. "मला आठवत नाही," ती म्हणाली. "दुकानातून हाक आली, मी तिकडे वळले. हाताने काय केलं, मी पाहिलं नाही. पण हा हात अंड्यात गेल्याशिवाय डब्यात जात नाही गं. गेलाच असणार." तिने चमचा खाली ठेवला. "मी तिला आज... माझ्या हाताने..."

भिंगरीच्या आईने काय करावं? ती ओरडली नाही. आधी भट्टी बंद केली. मग बाटलीचं झाकण लावलं, चमचे आणि वाट्या बाजूला काढल्या, ओटा दोनदा धुतला.  सगळं झाल्यावर ती आत्यापाशी जमिनीवर बसली आणि तिचा तो उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही सांगितलंत ताई. गप्प राहिला असतात तर मला कुठून कळलं असतं?"

"मी हसले तुला."

"हसा की. फक्त मी विचारलं की उत्तर द्या."

आत्या रडता रडता हसली. मग बाटली कचऱ्यात टाकायला उठली, तर हिने अडवलं. "नुसती टाकू नका, कुणीतरी उचलेल आणि वापरेल." तिने डब्यांवर लावते तशी पट्टी घेतली आणि तिच्यावर लिहिलं, 'सोया लेसिथिन. अंडं लागलेलं आहे. भिंगरीला नको.' ती पट्टी माझ्या पोटावर चिकटवली. आत्याने मला उचलून आपल्या पिशवीत ठेवलं आणि पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवली.

त्याच संध्याकाळी दोघी बाजारात गेल्या. बंद पाकीट आणलं, सोयाबीनच्या लेसिथिनचं. त्यावरची यादी एकीने मोठ्याने वाचली, मग दुसरीने वाचली. चमचा तेलात बुडवला. हे सगळं मी पाहिलं नाही, मित्रांनो. पिशवीच्या कापडाआडून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी घर पोरांनी भरलं. गलका झाला, टाळ्या झाल्या, सुरी ताटलीला लागल्याचा आवाज आला. मग सगळा गलका मागे सारून एक आवाज माझ्यापर्यंत पोचला.

"आई, मी खाऊ? हाच? खरंच मी खाऊ?"

"खा."

त्यानंतर बराच वेळ भिंगरी बोललीच नाही. जी कधी गप्प बसत नाही, ती गप्प होती. तोंड भरलेलं असणार. मी त्या पिशवीत, अंधारात, तिचं ते न बोलणं ऐकत राहिलो. आयुष्यात इतकं गोड काही मी ऐकलेलं नाही, आणि इतकं लांबूनही.

आता मी आत्याच्या घरी, खिडकीतल्या फळीवर असतो. तिने मला टाकलं नाही आणि वापरलंही नाही. वर्षं झाली. माझा रंग काळवंडला, वासही थोडा खवट झाला. केकच्या टेबलावर आत्याने आता तेलाची वाटी ठेवली आहे असं ऐकतो, पण बेकरी मला पुन्हा दिसली नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्याचं एवढं ऐका. तुमच्या वर्गात कुणी डब्यातला घास घ्यायला नको म्हणालं, तर आग्रह करू नका आणि तोंडही वाकडं करू नका. त्याला जवळ बसवा. कुणाची आई 'ह्यात काय काय घातलंय?' असं दहादा विचारील, तिला हसू नका. ठाऊक असेल ते सगळं सांगा. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणा, त्यात कमीपणा नाही. आणि चूक झाली असं वाटलं, तर कुणी पाहिलं नसलं तरी सांगा. वेळेत सांगितलेली चूक भरून निघते.

माझं म्हणाल तर, मला अजूनही केकात जावंसं वाटतं. खोटं कशाला बोलू? कधी कधी आत्या मला उचलते आणि उजेडात तिरकं धरते. तेव्हा मी हळूहळू झाकणाकडे सरकू लागतो. ती पोटावरची पट्टी वाचते आणि मला पुन्हा जागेवर ठेवते. तेच बरोबर आहे, मला कळतं. तरी पुढच्या वेळी ती बाटली तिरकी करते, तेव्हा सरकल्यावाचून मला राहवत नाही.